रोलर थांबला का नाही?

सोमवार, २

आजपासून मी नोकरदार झाले. मावशी काम करते त्याच लाँड्रीत मलाही घेतलं. परीक्षा संपली आहे, निकालाला वेळ आहे, आणि आई म्हणाली, "घरात बसून माझं डोकं खाण्यापेक्षा मावशीचं खा." मावशी ही आईची धाकटी बहीण. तिचं डोकं खाणं सोपं नाही. ती उलट आपलंच खाते.

ही लाँड्री म्हणजे कोपऱ्यावरचं इस्त्रीचं दुकान नव्हे. हॉटेलांच्या आणि हॉस्पिटलांच्या चादरी इथे गाड्या भरभरून येतात. धुऊन, पिळून झाल्या की एका भल्यामोठ्या गरम रोलरखालून काढतात. रोलर इतका लांब आहे की मी आणि आई त्याच्याशेजारी एकापुढे एक आडव्या झोपलो तरी जागा उरेल. एका बाजूने मावशी आणि तिची जोडीदारीण ओलसर चादर ताणून आत सरकवतात, दुसऱ्या बाजूने ती कोरडी, कडक होऊन बाहेर येते. तिकडे उंट उभा असतो. उंट म्हणजे एकोणीस-वीस वर्षांचा एक मुलगा. मान लांब आहे म्हणून सगळे उंट म्हणतात आणि तोही ओ देतो. माझं काम घड्या घालायचं.

मी दिवसभर विचारत होते. रोलर आतून कशाने तापतो, चादर त्याला चिकटत का नाही, वाफ कुठून जाते. संध्याकाळपर्यंत उंटाने माझं नाव चौकशी खिडकी ठेवलं. मावशी म्हणाली, "खिडकी निदान जेवणाच्या सुट्टीत तरी बंद असते."

बुधवार, ४

रोलरच्या तोंडाशी एक लाल लोखंडी पट्टी आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिला जरा धक्का लागला की सगळं यंत्र गपकन थांबतं. ही कशाला, म्हणून विचारलं तर मावशीने स्वतःची दहा बोटं माझ्या नाकासमोर नाचवली. "यांच्यासाठी."

पण पट्टीला बोट आणि किनार यांतला फरक कळत नाही. चादरीची जाड दुमडलेली किनार लागली तरी थांबते. मग उंटाने पलीकडच्या टोकाला पळत जाऊन बटण दाबायचं. तोवर आतली चादर तापून पिवळी पडते आणि मालक बाहेर येऊन सगळ्यांच्या नावाने शंख करतात. आज हे सारखं चालू होतं. मावशी दर वेळी पट्टीला शिवी घालते. मी म्हटलं, "तुझ्या बोटांसाठी आहे ना, मग शिव्या का?"

"सासूसुद्धा आपल्या भल्यासाठीच बोलते म्हणे," मावशी म्हणाली. "म्हणून काय तिचे पाय दाबत बसायचं?"

शनिवार, ७

पट्टीचं कोडं सुटलं! जेवणाच्या सुट्टीत यंत्र बंद असताना तिच्या कडेच्या सांध्यात डोकावून पाहिलं. पट्टी तिथे एका फटीत मागेपुढे हलते आणि मागच्या कळीला टेकते. कळ दाबली की यंत्र बंद. म्हणजे फटीत एखादी बारीक, दाबली तर दबेल अशी चकती सरकवली तर हलक्या धक्क्याने पट्टी कळीपर्यंत पोचणारच नाही. जोराचा धक्का बसला तरच पोचेल. किनारीचा धक्का हलका असतो, माणसाच्या हाताचा जोराचा. झालं की काम!

उंटाला सांगितलं. तो म्हणाला, "तू शाळेत जा बाई."

सोमवार, ९

सकाळी सगळ्यांच्या आधी गेले. साबणाच्या डब्याचं प्लॅस्टिकचं झाकण कापून चकती केली, फटीत बसवली. मग दोन्ही तळव्यांनी पट्टी ढकलून पाहिली. यंत्र थांबलं. एका बोटाने हळूच ढकललं, नाही थांबलं. अगदी मनासारखं! दिवसभरात रोलर एकदाही उगाच अडला नाही. मालक दोनदा येऊन बघून गेले. शेवटी त्यांनी विचारलं, तेव्हा मावशीने माझ्याकडे बोट दाखवलं. मालक वाकून चकती पाहत राहिले आणि म्हणाले, "पोरीत डोकं आहे." माझ्यासाठी थंडगार सरबताची बाटली मागवली. माझे पाय जमिनीवर नव्हते, खोटं कशाला लिहू?

मावशीसुद्धा खूश होती. घरी येऊन आईला सांगत होती, "तुझ्या पोरीने सासूचं तोंड बंद केलं."

गुरुवार, १२

मावशीची जोडीदारीण लेकीच्या बाळंतपणाला गेली. मालकांनी मला घड्यांवरून उठवून रोलरवर उभं केलं, मावशीच्या शेजारी! एवढ्यात बढती! मालक म्हणाले, "बाहेरच्या कुणी वय विचारलं तर अठरा सांगायचं." मी म्हटलं, सोळा का नको? ते हसले आणि म्हणाले, "अठरा म्हटलं की रुबाब वाटतो."

मावशीला मात्र आवडलेलं दिसत नाही. ती मालकांच्या खोलीत गेली होती. दार लावलेलं होतं. बाहेर आली तेव्हा चेहरा उतरलेला. मला एवढंच म्हणाली, "चार-आठ दिवसांचं आहे. माझ्याकडे बघून हात चालवायचा. आणि चादरीचं तोंड मी धरणार, तू नुसती कड ताणायची." म्हणजे रोलरच्या अगदी जवळ ती, आणि मी मागे. मी काय कुकुलं बाळ आहे? माझं कौतुक झालेलं तिला बघवत नाही की काय, असं मनात आलं. असं वाटायला नको, पण वाटलं.

मंगळवार, १७

मावशीचा हात रोलरमध्ये गेला. आत्ता नाही लिहवत.

बुधवार, १८

लिहून काढते, म्हणजे डोक्यात फिरायचं थांबेल.

दुपारची वेळ होती. गरमी अशी की भिंतींना घाम फुटला होता. एक चादर आत जाता जाता दुमडली. मावशी तिची चुणी सरळ करायला पुढे झाली आणि चादरीने तिचा उजवा हात आत ओढला. ती ओरडली नाही. "बंद कर" एवढंच म्हणाली, दोनदा, अगदी हळू. उंटाने भिंतीवरचा मुख्य खटका पाडला. हात बाहेर काढला तेव्हा मी पाहिलं आणि मग खाली बसले.

एक गोष्ट मला कळत नाही. दवाखान्याची गाडी येईपर्यंत मावशी यंत्राला टेकून उभी होती. तिचे दात वाजत होते. तशातही तिने डाव्या हाताने पट्टीच्या सांध्यातून काहीतरी उपटून काढलं आणि एप्रनच्या खिशात टाकलं. अशा वेळी कुणाला साफसफाई सुचते का?

चारही बोटं आणि हाताची मागची बाजू भाजली आहे. डॉक्टर म्हणाले, मांडीची कातडी काढून तिथे लावावी लागेल. एका वेळेत होणार नाही. बोटं किती वळतील ते आज सांगता येत नाही.

गुरुवार, १९

मालकांनी सगळ्यांना गोळा करून पट्टी एका बोटाने ढकलून दाखवली. यंत्र थांबलं. "बघा, ठणठणीत चालतंय. बाईंनी घाईत पट्टीवरून हात घातला. मला वाईट वाटतं, पण ही त्यांची चूक आहे." चूक तिची, म्हणून उपचार तिचे तिने करायचे आणि रोलरवर आता दुसरी बाई येणार.

दवाखान्यात मावशीला सांगितलं. मला वाटलं, तिच्या तळपायाची आग मस्तकात जाईल. भाजीवाल्याने एक टोमॅटो नासका दिला तर परत जाऊन भांडणारी बाई ती. पण भिंतीकडे बघत म्हणाली, "हो. घाई केली मी."

पण ती खोटं बोलते आहे! मी शेजारी उभी होते. पट्टीवरून हात घालायचा तर कोपर खांद्याएवढं उचलावं लागतं. तिचं कोपर खालीच होतं. हात पट्टीच्या खालून, चादरीबरोबर सरळ आत गेला. मग पट्टीला धक्का बसलाच असणार. मग रोलर थांबला का नाही?

माझी चकती फटीत नव्हती, मी पाहिलं. कधीतरी गळून पडली असावी. पण मग तर पट्टी आणखी हलकी चालायला हवी. काही जुळत नाही.

शनिवार, २१

जुळलं.

आईने मावशीचे कपडे धुवायला दिले. एप्रनच्या खिशात माझी चकती होती. पण ती चकती राहिलीच नव्हती. फटीचा साचा घेतल्यासारखी झाली होती, एका बाजूने फुगलेली, दुसऱ्या बाजूला सांध्याच्या खिळ्याचा ठसा. प्लॅस्टिक तापून मऊ पडलं होतं आणि फटीत गच्च बसलं होतं.

मी चाचणी सकाळी केली होती. यंत्र थंड होतं तेव्हा.

मी कपडे तसेच टाकून मोरीत बसून राहिले. आईला वाटलं, मावशीची आठवण आली. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला तो हात नको होता.

सोमवार, २३

नुसतं वाटून उपयोग नाही, खात्री करायला हवी होती. मालक दुपारी बाहेर गेले. नवीन बाई अजून रुजू व्हायची आहे, म्हणून सकाळपुरताच माल काढतात, त्यामुळे रोलर तापलेला पण मोकळा होता. मी रबरी हातमोज्यात ओल्या चिंध्या ठासून भरल्या आणि तो एका लांब काठीला बांधला. उंट म्हणाला, "मी यात नाही." आणि मुख्य खटक्यापाशी जाऊन उभा राहिला.

आधी चकतीशिवाय. चादरीवर हातमोजा ठेवला, चादर आत जाऊ दिली. बोटांची टोकं पट्टीला लागली, यंत्र थांबलं. मग त्याच झाकणाची नवी चकती कापून बसवली आणि ती तापेपर्यंत थांबलो. पुन्हा हातमोजा. पट्टी हललीच नाही. बोटं गेली, तळवा गेला, मनगटाशी गाठ होती तीही गेली. रबर जळाल्याचा वास आला तेव्हा उंटाने खटका पाडला.

चकती उचकटून काढायला त्याला पक्कड लागली. मग तो म्हणाला, "हे कुणाला सांगू नकोस. तुझ्यावरच येईल."

मंगळवार, २४

मावशीपुढे ती खिशातली चकती ठेवली. तिने डाव्या हाताने झडप घातली, पण मी मागे घेतली.

"दे इकडे."

"तुला माहीत होतं?"

"आत हात गेल्यावर कळलं. पट्टी माझ्या मनगटाला टेकली होती गं, आणि हलत नव्हती." मग आवाज चढवून म्हणाली, "तू काही बघितलं नाहीस. तू रोलरवर नव्हतीस. घड्या घालत होतीस."

"पण का?"

"तुझं का बंद कर जरा! मालक म्हणालेत, पोरीचं नाव निघालं तर केस तिच्यावर होईल. यंत्राशी खेळ तिने केला. सोळाव्या वर्षी पोलीस ठाण्याची पायरी चढणार आहेस? तुझ्या आईला मी काय सांगू? मी नेलं तुला तिथे."

मी रडले. ती पण रडली, पण रागावूनच. मग नर्स आली आणि आम्हा दोघींना ओरडली.

म्हणजे हे चकतीमुळे झालं, हे मालकांना आधीपासून कळलं आहे. आणि मावशीने हात पोळलेला असताना ती काढली ती माझ्यासाठी. मी इथे लिहिलं होतं की तिला माझं कौतुक बघवत नाही. ते पान फाडणार नाही. असू दे.

गुरुवार, २६

मालकांनी निरोप पाठवला, उद्या सुट्टी घे, पगार कापणार नाही. भर कामाच्या दिवशी? उंटाकडून कळलं, दवाखान्यातून रीतीप्रमाणे खबर गेली आहे आणि उद्या कारखान्यांची पाहणी करणाऱ्या बाई येणार आहेत.

मी बोलले तर केस माझ्यावर. गप्प बसले तर मावशी स्वतःच्या चुकीने भाजलेली बाई. तिच्या हाताची पुढची शस्त्रक्रिया कोण करणार? आईला अजून काही सांगितलेलं नाही. पोलीस सोळा वर्षांच्या मुलीला काय विचारतात, कुठे ठेवतात, हेही मला माहीत नाही. दुनियेभरचे प्रश्न विचारते आणि कामाचं एक माहीत नाही.

शुक्रवार, २७

गेले. फाटकाबाहेर उभी राहिले. पाहणीवाल्या बाई बाहेर आल्या तेव्हा मालक त्यांना सोडायला गाडीपर्यंत आले होते, हसत हसत. मला पाहून त्यांचं हसू जिथल्या तिथे राहिलं.

मी म्हटलं, "बाई, पुन्हा आत येता का? एक दाखवायचंय."

"ही कोण?"

"शेजारची पोरगी आहे," मालक म्हणाले. "वेडगळ आहे जरा."

"मी रोलरवर काम करते," मी म्हटलं. "मावशीच्या शेजारी. मी सोळा वर्षांची आहे."

बाईंनी गाडीचं दार लावून घेतलं आणि माझ्याबरोबर आत आल्या. हातमोजा उंटानेच काठीला बांधून दिला. मी यात नाही म्हणणारा तो. चकतीशिवाय दाखवलं. मग चकती लावून, तापवून दाखवलं. बाई वाकून बघत होत्या. हातमोजा मनगटापर्यंत गेला तेव्हा त्यांनी स्वतःचा हात पाठीमागे घेतला.

"ही कल्पना कुणाची?"

"माझी."

"मालकांना माहीत होतं?"

"त्यांनी मला सरबत पाजलं."

उंट म्हणाला, "हो. माझ्यासमोर."

मग मी ती खिशातली चकती त्यांना दिली आणि म्हटलं, "केस माझ्यावर करा, पण मावशीने घाई केली नाही, हे लिहा."

बाई मालकांकडे न बघता म्हणाल्या, "अठराच्या आतल्या मुलीला या यंत्रापाशी उभंच करायचं नसतं. हिने चकती बसवली, ती कुणी काढली नाही आणि कुणी हिला रागावलंही नाही, याचा जाब मी हिला विचारणार नाही. आणि तुझ्या मावशीने घाई केली असती, तरी कामावर भाजलेल्या हाताचे उपचार मालकाकडेच असतात. ते काम धोक्याचं वाटलं असतं तर तुलाही नाही म्हणायचा हक्क होता. पहिल्या दिवसापासून."

"मला कुणी सांगितलं नाही."

"ते सांगायचं काम यांचं होतं," त्या म्हणाल्या, आणि तेव्हा कुठे मालकांकडे वळल्या.

रोलरला कुलूप लागलं. मलाही घरी पाठवलं. पुढच्या वर्षी काय शिकणार, असंही बाईंनी विचारलं. मी उलट त्यांनाच विचारलं की तुमचं काम करायला काय शिकावं लागतं.

शनिवार, २८

आईला सगळं सांगितलं. तिने मला एक ठेवून दिली आणि मग जवळ घेतलं. दोन्ही बरोबर होतं.

आईकडून हातमोज्यापर्यंत सगळं कळल्यापासून मावशीने तोंड फिरवलं आहे. दवाखान्यात गेले तर झोपेचं सोंग घेते.

मंगळवार, १

लाँड्री पुन्हा सुरू झाली. सांध्यावर आता लोखंडी टोपण बसवलं आहे, फटीत नखही जाणार नाही. पुढच्या शस्त्रक्रियेचं मालक बघणार, तसं पाहणीवाल्या बाईंनी त्यांच्याकडून लिहून घेतलंय. मी आत जात नाही, मला आता तिथे काम नाही. पण उंटाला निरोप देऊन नव्या बाईला फाटकाशी बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं. तिने मध्येच विचारलं, "तू कोण म्हणायची?" मी म्हटलं, "जिचा हात गेला तिची भाची." पुढचंही सांगितलं. ती ऐकताना स्वतःची बोटं मुठीत धरून उभी होती.

गुरुवार, ३

आज मावशी जागी होती. मलमपट्टी बदलायची होती म्हणून नर्सने हात उघडला होता. नवीन कातडी गुलाबी आहे, तिच्या बाकीच्या हाताची वाटतच नाही. अंगठा वळतो. पहिलं बोट थोडं वळतं. बाकीची अजून नाही.

नर्स गेली. मावशी त्या हाताकडे बघतच म्हणाली, "तुझा तो हातमोजा. चकती नव्हती तेव्हा कुठवर गेला होता?"

मला खोटं बोलता आलं असतं. तळव्यापर्यंत गेला म्हटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

"नखांपर्यंत," मी म्हटलं.

तिच्या चेहऱ्यावरून कळेना, रागावली आहे की दुखतंय. मी पाण्याचा पेला भरून ठेवला, उगाच चादर सारखी केली. जायला निघाले तेव्हा तिने डाव्या हाताने माझी ओढणी धरली.

"माझ्या जागेवर कोण आहे आता?"

"एक नवीन बाई. दोन लहान मुलं आहेत तिला."

"तिला सांगितलंस?"

"सांगितलं."

"सगळं? चकती कुणी केली तेपण?"

"तेपण."

मावशीने ओढणी सोडली नाही. "बस मग," ती म्हणाली. "मला जेवायला घाल. डाव्या हाताने सगळं अंगावर सांडतंय."